जुनी बंदूक आधी तपासा, पॉलिशचं नंतर बघू

जुनी बंदूक हातात आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, हिला परत काळीभोर चकचकीत कशी करायची, आणि ही चालवायला सेफ आहे का हा प्रश्न नंतर कधीतरी, आठवला तर. हा क्रम साफ उलटा आहे. फिनिश म्हणजे वरचा मायक्रॉनमध्ये मोजायचा थर, आणि सेफ्टी असते नळीच्या जाडीत, चेंबरच्या म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या मापात, घोडा अडवून धरणाऱ्या आतल्या खाचांच्या धारेत, म्हणजे एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. त्यातून वाईट गोष्ट अशी की फिनिश करताना आपण जे घासून टाकतो ना, ते गंजाचे खड्डे, पुसट शिक्के, कुणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने खराब केलेल्या स्क्रूच्या खाचा, नळीवरची हलकीशी फुगवटी, तोच सगळा पुरावा असतो की या बंदुकीचं आजवर काय काय झालंय. तो एकदा गेला की तुम्हालाच काय, पुढे कुठल्याही गनस्मिथला कळणार नाही. म्हणून विकायला आलेली, जरा जास्तच सुंदर दिसणारी जुनी बंदूक बघितली की मला आनंद कमी आणि संशय जास्त येतो.

तर सुरुवात कुठून? ती भरलेली आहे असं धरून. हे सगळेच सांगतात, पण जुन्या बंदुकीत याला वेगळा अर्थ आहे. काडतुसाच्या बंदुकीत निदान बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघडून किंवा नळी बिजागरीवर खाली वाकवून डोळ्यांनी बघता येतं, तरी त्यातही ट्यूब मॅगझिनवाल्या, म्हणजे नळकांड्यात काडतुसं भरायच्या रायफलीत स्प्रिंग गंजून अडकलेली असेल तर एखादं काडतूस नळकांड्यात तसंच बसून राहतं आणि हाताळताना हलून सरळ पुढे येतं, तेव्हा तिथे उजेड टाकून बघायचं, काठी घालून बघायचं. ठासणीच्या बंदुकीत मात्र बाहेरून काहीच कळत नाही. भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या लटकलेल्या ठासणीच्या बंदुका आत बार भरलेल्या अवस्थेत सापडणं ही अजिबात दुर्मिळ गोष्ट नाही, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. तिला एक्स्पायरी डेट नाही. टेस्ट सोपी आहे, एक लाकडी काठी नळीत हलक्या हाताने तळापर्यंत सोडायची, तोंडापाशी काठीवर खूण करायची, काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघायची. काठीचं टोक कानापर्यंत (बत्ती द्यायच्या भोकापर्यंत) किंवा टोपी बसवायच्या निपलपर्यंत पोचलं तर ठीक, दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. ते काहीतरी म्हणजे चिंधी असेल, कोळ्याचं जाळं असेल किंवा पूर्ण बार असेल, आणि या तिसऱ्या शक्यतेमुळे तिथेच थांबायचं आणि जाणकाराला बोलवायचं. नळी तापवायची नाही, ड्रिल करायचं नाही आणि नळीच्या तोंडासमोर कुठलाही अवयव आणायचा नाही. काठी घालतानासुद्धा हात नळीच्या रेषेतून बाजूला.

कायद्याचं एवढंच, की प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत, जुनी म्हणून लायसन्स लागत नाही असं परस्पर ठरवू नका, सीरियल नंबर घासणं किंवा परत कोरणं जवळपास सगळीकडे गुन्हा आहे, आणि कायद्याने निकामी केलेली बंदूक परत चालती करणं हा रिस्टोरेशनचा भाग नाहीच, तो विषयच या लेखात नाही.

आता बंदूक ओळखायची. कंपनीचं नाव कामाचं आहे पण त्याहून कामाचे आहेत प्रूफचे शिक्के. प्रूफ म्हणजे काय तर बंदूक विकायच्या आधी तिच्यात नेहमीपेक्षा मुद्दाम जास्त दाबाचा बार उडवून बघायचा, फुटली-फुगली नाही तर शिक्का मारायचा. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला सनद मिळाली १६३७ मध्ये, बेल्जियममधल्या लिएजला १६७२ पासून ही व्यवस्था आहे, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं. हे शिक्के दुनळीत नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर असतात, नळ्या काढल्याशिवाय दिसत नाहीत, आणि म्हणूनच बऱ्याचदा बाहेरच्या अक्षरांपेक्षा चांगल्या अवस्थेत असतात. त्यात बघायचं काय, तर ती बंदूक फक्त काळ्या दारूसाठी पास झालेली आहे की नायट्रोसाठी, म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी पण. बर्मिंगहॅमच्या बंदुकीवर १९०४ नंतर मुकुटाखाली एनपी अशी अक्षरं असतील तर नायट्रो प्रूफ, नुसतं बीपी-बीव्ही असेल तर काळी दारू. काही जुन्या नळ्यांवर 'नॉट फॉर बॉल' असं कोरलेलं असतं, ते वाचून लोक घाबरतात की नळी कमजोर आहे, तर तसं नाही, नळीला तोंडाशी चोक आहे, म्हणजे ती तिथे जरा अरुंद केलेली आहे, छर्रे मारा पण अखंड गोळी मारू नका एवढाच त्याचा अर्थ.

काळी दारू आणि नायट्रो हा फरक नीट समजून घ्या, कारण जुन्या बंदुका फुटण्यामागे हा हमखास सापडतो. १८८४ मध्ये पॉल व्हिएय नावाच्या फ्रेंच केमिस्टने बिनधुराची दारू बनवली, दोन वर्षांत फ्रेंच सैन्याची लेबेल रायफल तिच्यावर आली आणि पुढच्या काही वर्षांत सगळं जग तिकडे वळलं. त्याआधीच्या सगळ्या बंदुका काळ्या दारूच्या हिशोबाने बनलेल्या. काळ्या दारूचा दाब पटकन चढतो, नळीच्या मागच्या जाड भागात, आणि तसाच पटकन उतरतो. नायट्रोचा दाब पुढेपर्यंत टिकून राहतो, म्हणजे नेमका तिथे जिथे कारागिराने वजन वाचवण्यासाठी नळी पातळ केलेली असते. रायफल-पिस्तुलात तर नायट्रोचा सर्वोच्च दाबच काळ्या दारूच्या कितीतरी वर जातो. कोल्टची १८७३ ची सिंगल ॲक्शन (दर वेळी घोडा हाताने चढवायची) रिव्हॉल्व्हर घ्या, पहिलं जवळजवळ पाव शतक ती काळ्या दारूची होती, त्याच नावाची, तशीच दिसणारी नंतरची रिव्हॉल्व्हर नायट्रोची, आणि कॅलिबरचं नाव पण तेच, त्यामुळे दुकानातलं आजचं काडतूस त्या जुनीत छान बसतं. काडतूस बसलं म्हणजे चालतं असं नाही!

मग दमास्कस नळ्या. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, भट्टीत तापवून ठोकून एकजीव केलेली नळी. त्यावर जी नक्षी दिसते ती कोरलेली नसते, धातूचीच असते, ॲसिडने उठवलेली. दिसायला एवढी देखणी वस्तू बंदुकीच्या जगात दुसरी नाही असं माझं मत. पण त्या नळीत फूटभर नाही तर पूर्ण लांबीभर जोड आहे, आणि शंभर वर्षांत त्या जोडाच्या आत कुठे ओलावा शिरून गंज धरलाय का हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. चांगल्या प्रतीच्या, नायट्रो प्रूफ झालेल्या दमास्कस नळ्या असतात, हे खरं आहे, आणि सरसकट सगळ्या बॉम्ब आहेत असं म्हणणारे पण अतिशयोक्ती करतात. पण शिक्क्यावरून आणि मोजमापावरून खात्री होत नाही तोवर दमास्कस नळीत आजचं काडतूस घालायचं नाही. आणि इथेच फिनिशचा घोळ बघा, साध्या स्टीलच्या स्वस्त नळीवर दमास्कसची खोटी नक्षी उठवून विकायचे, आणि उलटं म्हणजे खऱ्या दमास्कस नळीवर काळं ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा थर) चढवून ती साधी स्टीलची म्हणूनही खपवायचे. काळ्या रंगाखाली काय आहे ते बघायला पुढच्या लाकडाखाली, जिथे एरवी दिसत नाही तिथे, जाणकार नखाएवढी जागा साफ करून ॲसिड लावून बघतात.

नळीची तपासणी घरी थोडीफार करता येते. नळी पूर्ण साफ करा, कारण घाणीखाली खड्डे लपतात, मग नुसतं मागून नाही तर पुढून-मागून दोन्हीकडून उजेडाकडे धरून बघा. आत एखादी काळसर गोल कडी दिसली, म्हणजे उजेडाच्या रेषा एका ठिकाणी वाकल्यासारख्या, तर तिथे नळी फुगलेली आहे, कधीतरी आत चिखल, बर्फ, अडकलेलं काहीतरी असताना कुणीतरी बार काढलाय. बाहेरून दोन बोटं हलकेच फिरवली तर ती फुगवटी बऱ्याचदा हाताला लागते, डोळ्याला दिसायच्या आधी. दुनळी असेल तर नळ्या लाकडापासून वेगळ्या करून हुकाने बोटावर लटकवायच्या आणि लाकडी पेन्सिलीने टकटक करायची, जोड शाबूत असतील तर घंटेसारखा लांबत जाणारा आवाज येतो, मधली पट्टी कुठे सुटलेली असेल तर मेलेला, खुळखुळल्यासारखा. पट्टी सुटली की तिच्याखाली पाणी जातं आणि नळी बाहेरून आत गंजत येते, वर चकाचक असताना. ब्रिटिश प्रूफच्या हिशोबात तर आतला व्यास शिक्क्यावरच्या मापापेक्षा इंचाच्या शंभराव्या भागाहून जास्त वाढला, म्हणजे कुणीतरी आतले खड्डे घासून काढले, की ती नळी प्रूफच्या बाहेर गेली, परत प्रूफला पाठवल्याशिवाय विकता येत नाही. आतून घासल्यावर भिंत किती जाड उरली हे मोजायचं वेगळं गेज असतं, ते घरी नसतं, आणि अंदाजाने सांगायची ही गोष्ट नव्हे.

चेंबरची लांबी हा आणखी एक असा मुद्दा जो न दिसता घात करतो. जुन्या बारा बोअरच्या खूप बंदुका अडीच इंची, म्हणजे ६५ मिमी काडतुसाच्या, आजचं साधं काडतूस पावणेतीन इंची, ७० मिमी. गंमत म्हणजे ७० वालं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं कारण काडतुसाची लांबी मोजतात ती उडाल्यानंतर तोंड उलगडल्यावरची, भरलेलं असताना ते दुमडलेलं, आखूड असतं. उडताना तोंड उलगडायला जागा नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. लोक म्हणतात मी वर्षानुवर्षं वापरतोय काही झालं नाही, असेलही, पण त्याच्या बंदुकीच्या जाडीवर तुमच्या बंदुकीचा निकाल लागत नाही. आणि बोअरच्या बाबतीत तर एक क्लासिक अपघात आहे, बारा बोअरमध्ये चुकून वीस बोअरचं, म्हणजे त्याहून बारीक काडतूस गेलं तर ते चेंबरमधून पुढे सरकून निमुळत्या भागात अडकतं, मागून नळी रिकामी दिसते, माणसाला वाटतं घातलंच नव्हतं, मग तो मागे बाराचं घालतो आणि ट्रिगर ओढतो. वीस बोअरची काडतुसं हल्ली पिवळ्या रंगात येतात ती यासाठी. रायफलीत असंच जर्मन ८×५७ चं, १९०५ मध्ये गोळीचा व्यास साधारण ८.१ वरून ८.२ मिमी केला, नाव जवळपास तेच राहिलं, फक्त एस लागला, त्यामुळे जुन्या अरुंद नळीत नवी जाड गोळी जाऊ शकते. चेंबर नक्की कोणतं आहे हे कळत नसेल तर गनस्मिथ सेरोसेफ नावाचा मिश्रधातू ओततात, तो उकळत्या पाण्याच्याही खालच्या तापमानाला वितळतो, चेंबरमध्ये गोठतो आणि तासाभराने त्याचं माप चेंबरच्या मापाला नेमकं जुळतं, मग त्या ठोकळ्यावर मायक्रोमीटर लावायचा. नळीवर काय कोरलंय यावर विश्वास ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण मधल्या काळात कुणीतरी चेंबर वाढवून ठेवलेलं असू शकतं.

आता हेडस्पेस. हा शब्द ऐकून लोक घाबरतात, पण कल्पना साधी आहे. काडतूस चेंबरमध्ये जिथे टेकून थांबतं तिथपासून बोल्टच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. काडतूस कशावर टेकतं हे प्रकारानुसार बदलतं, खांद्यावर, मागच्या काठावर, पट्ट्यावर किंवा तोंडावर. हे अंतर जास्त झालं की बार उडताना पितळी कवच पुढून चेंबरला चिकटतं आणि मागचा भाग बोल्टकडे ढकलला जातो, मध्ये पितळ ताणलं जातं, आणि फाटलं तर तो हजारो पौंडांचा गॅस मागे, म्हणजे बंदूक चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. कमी झालं तर बोल्ट बंद होत नाही, ते त्यातल्या त्यात बरं. मोजायला स्टीलचे ठोकळे मिळतात, गो, नो-गो आणि फील्ड. गो वर बोल्ट बंद व्हायलाच हवा, नो-गो वर नको, जुन्या बंदुकीत नो-गो वर झाला तर फील्डवर तरी होता कामा नये. थर्टी-ओ-सिक्स या रायफलीच्या काडतुसात गो आणि नो-गो मधला फरक आहे ०.००६ इंच, म्हणजे ०.१५ मिमी, तेव्हा बोल्ट डोळ्यांनी बघून किंवा काडतुसावर टेपचे तुकडे चिकटवून याचा निवाडा करू नका. गेज लावताना फायरिंग पिन (टोपीवर आदळणारी सुई) आणि एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारा हूक) काढून, बोल्ट दोन बोटांनी हलकेच फिरवायचा, जोर लावला तर गेजही खोटं बोलतं. सैन्यातल्या जुन्या रायफलींमध्ये बोल्ट अदलाबदल झालेले फार, म्हणून बोल्टवरचा नंबर रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात बसतो त्या सांगाड्याच्या) नंबराशी जुळतो का आधी बघा. ब्रिटिश सैन्याच्या ली-एनफील्ड नंबर ४ रायफलीत तर यासाठी ० ते ३ नंबरचे वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट हेडच दिलेले होते.

आणि काही दोष असे असतात की जे कुठलंही गेज पकडत नाही. अमेरिकेची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल, त्यातल्या स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या ८,००,००० च्या आतल्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या आतल्या नंबरांचे रिसीव्हर. कारखान्यात तापलेल्या पोलादाचं तापमान कारागीर रंगावरून नजरेने ओळखायचे, आणि लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेलं पोलाद दिसतं त्यापेक्षा जास्त गरम असतं, त्यामुळे काही रिसीव्हर भट्टीतच जळाले, वरून कडक आणि आतून काचेसारखे ठिसूळ झाले. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ते फुटायला लागले तेव्हा चौकशी झाली आणि हीट ट्रीटमेंटची पद्धत बदलली. अशा रायफलीवर तुम्ही कितीही सुंदर फिनिश करा, हेडस्पेस परफेक्ट असू दे, ती भिंतीवर लटकवायचीच आहे. हाच धडा उलट बाजूने, जुन्या रिसीव्हरला कधीही टॉर्च लावू नका. अनेक जुन्या रिसीव्हरवर जे निळे-तपकिरी ढगांसारखे रंग असतात ते हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात तापवून पाण्यात बुडवून आलेले, ती वरची कठीण साल आहे, नुसता रंग नाही, आणि टॉर्चने 'रंग आणायला' गेलं की तीच मऊ होते.

लॉक आणि सेफ्टीची तपासणी तुलनेने सोपी, पण डमी काडतुसं म्हणजे स्नॅप कॅप घालूनच करा, नाहीतर जुन्या फायरिंग पिना आणि कमानी कोरड्या ठोक्याने मोडतात. घोडा पूर्ण चढवा, अंगठ्याने मागून नीट जोर देऊन पुढे ढकला, निसटला तर खाच झिजलेली आहे किंवा कुणीतरी ट्रिगर हलका करायला घासलेली आहे. मग सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात ओढा, सोडा, बोट बाहेर काढा, आणि आता नुसती सेफ्टी काढा. इथे घोडा पडला तर ती बंदूक भयंकर धोकादायक आहे, कारण ती शिकारीला निघालेल्या माणसाच्या हातात स्वतःहून उडणार. लोक फक्त सेफ्टी लावून ट्रिगर ओढतात, उडली नाही की खूश होतात, पुढची पायरी करतच नाहीत. रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा सावकाश चढवत न्या, घोडा पूर्ण बसायच्या आत सिलिंडर लॉक व्हायला हवा, नाहीतर गोळी नळीच्या कडेला तासून बाहेर येते. जुन्या सिंगल ॲक्शनमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच काडतुसं भरतात ते पण लक्षात ठेवा, घोडा सरळ काडतुसाच्या टोपीवर टेकलेला असतो, खाली पडली की उडते.

एवढं सगळं झालं, बंदूक ठीक निघाली किंवा ती फक्त ठेवायचीच असं ठरलं, की मग फिनिशकडे या. आणि इथे माझा सल्ला कंजुषाचा आहे, जितकं कमी तितकं चांगलं. संग्राहकांच्या बाजारात तीस टक्के उरलेलं मूळ ब्लूइंग हे शंभर टक्के नव्या ब्लूइंगपेक्षा जवळजवळ नेहमीच महाग जातं. तपकिरी, घट्ट, हाताला न लागणारी जी झाक असते ती राहू द्या, ती स्थिर आहे. नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज तेवढा चालू आहे, तो काढायचा. त्यासाठी पातळ तेल आणि ब्राँझ वूल, किंवा तांब्याच्या पट्टीची कड, सावकाश. पॉलिश पेपर नाही, ड्रिलला लावलेला ब्रश नाही, आणि बफिंग मशीन तर मुळीच नाही, त्याने कडा गोल होतात, अक्षरं वाहून जातात, स्क्रूच्या भोकांना बशीसारखा खोलगटपणा येतो, आणि असं काम झालेली बंदूक दहा फुटांवरून ओळखू येते.

गंजावरची माझी सगळ्यात आवडती युक्ती म्हणजे उकळणं. सुटा केलेला, तेल पूर्ण काढलेला स्टीलचा भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये वीस-तीस मिनिटं उकळायचा. तांबडा गंज म्हणजे एक ऑक्साइड, उकळत्या पाण्यात त्याचं रूपांतर मॅग्नेटाइट या काळ्या ऑक्साइडमध्ये होतं, आणि मूळ ब्लूइंग म्हणजेही तेच मॅग्नेटाइट. भांड्यातून काढल्यावर भाग मखमली काळा दिसतो, त्यावरची काजळी तेल काढलेल्या चार शून्यवाल्या स्टील वूलने हलकेच पुसली की खाली काळा, घट्ट थर उरतो आणि आधीचं ब्लूइंग जागच्या जागी. नळाचं पाणी वापरलं तर क्षारांचे डाग पडतात. लाकूड, ॲल्युमिनियम, निकेल यांना हा उपाय नाही.

नवीनच करायचं ठरलं तर पद्धत बंदुकीच्या वयाला शोभणारी हवी. रस्ट ब्लूइंग ही वरच्याच तत्त्वाची जुनी पद्धत, गंज आणणारं द्रावण पुसायचं, दमट जागेत काही तास ठेवायचं, उकळायचं, काजळी काढायची आणि हे पाच-सात वेळा, काही वेळा जास्त. वेळखाऊ आहे पण दुनळीला दुसरा पर्याय नाही, कारण हॉट ब्लूइंगमध्ये कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं द्रावण साधारण १४० अंशांवर असतं, ते नळ्यांच्या जोडातलं शिसं-कथलाचं सोल्डर खातं आणि पट्टीखाली क्षार अडकवून ठेवतं, वर्षभराने त्याच शिवणीतून गंज बाहेर येतो. शिवाय त्या टाकीत पाण्याचे चार थेंब पडले तरी द्रावण उसळून अंगावर येतं, हा घरी करायचा प्रकार नव्हे. बाटलीतलं कोल्ड ब्लू सेलेनियमच्या क्षारांचं असतं, विषारी आहे, ग्लोव्ह्ज आणि उघड्या खिडक्या लागतात, आणि टिकत नाही, एखाद्या ओरखड्याला ठीक. सैनिकी बंदुकांचा करडा खरखरीत रंग म्हणजे पार्करायझिंग, मँगनीज किंवा झिंक फॉस्फेटचा, तिथे काळं चकचकीत ब्लूइंग चढवणं म्हणजे इतिहास पुसणं. निकेल असलेल्या बंदुकीला अमोनियावालं तांबं काढणारं सॉल्व्हंट लावू नका, निकेलखाली बऱ्याचदा तांब्याचा थर असतो, सॉल्व्हंट भेगेतून शिरून तो खातं आणि निकेल पापुद्र्यासारखं सुटतं.

लाकडाबद्दल. दस्त्याला सँडिंग केलं की लाकूड धातूच्या पातळीच्या खाली जातं आणि सैनिकी शिक्के, चेकरिंगच्या म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या जाळीच्या धारा गायब. खोच पडलेली असेल, तंतू तुटलेले नसतील, तर ओलं फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवा, वाफेने लाकूड फुगून वर येतं, बघायला मजा येते. तेलाने काळं पडलेलं लाकूड खडूच्या पुडीची पेस्ट लावून थोडं थोडं ओढून काढतात. पण मनगटापाशी, म्हणजे जिथे हात धरतो तिथे, आणि रिसीव्हरच्या शेपटीमागे भेग आहे का नक्की बघा, हा दिसण्याचा नाही, सेफ्टीचा मुद्दा आहे, धक्क्याने दस्ता तिथेच दुभंगतो. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन. आणि ते तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पहिला बार काढायचा असेल तर गनस्मिथने लेखी ठीक म्हटल्यावरच, आणि तोही खांद्याला लावून नाही. बंदूक रेंजवर जड टायरला किंवा स्टँडला बांधून, लांब दोरीने, आडोशामागून. नंतर रिकामं पितळ हातात घेऊन बघा, तळाच्या थोडं वर चकचकीत कडी दिसली तर पितळ ताणलं जातंय, टोपीभोवती काजळी असेल तर गॅस गळतोय, दोन्हीपैकी काहीही दिसलं की थांबा. असा एक बार सुखरूप निघाला म्हणजे प्रूफ झालं असं समजू नका, प्रूफ हाउसचा बार वेगळा आणि त्यानंतरची मापंही वेगळी.

जुनी सैनिकी काडतुसं वापरली तर साफसफाईत तेलाच्या आधी पाणी लागतं, कारण जुन्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं, मिठाचाच भाऊ, हवेतला ओलावा ओढतो, आणि मीठ तेलात विरघळत नाही. गरम पाण्याने धुवायचं, पूर्ण सुकवायचं, मग तेल. चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका, चामड्यातला ओलावा आणि कमावण्यातली रसायनं महिन्या-दोन महिन्यांत गंज धरवतात. आणि खूप तेल घालून उभी ठेवायची सवय असेल तर नळीचं तोंड खाली करून ठेवा, नाहीतर सगळं तेल ओघळून दस्त्याच्या गळ्यात मुरतं आणि ज्या जागी धक्का बसतो तिथलंच लाकूड मऊ पडतं.